पट्ट्याची किरकिर

काल पिठाच्या गिरणीत पट्टा जळल्याचा वास आला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यातला माझा पहिला आठवडा आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोलादपुरात मामाच्या भातगिरणीवर मी वाढलो होतो, तरी मुलाखतीत अनुभव विचारल्यावर "नाय" म्हणालो. गिरणीवरचं काम अनुभवात धरतात, हे मला माहीतच नव्हतं.

त्या आठवड्यात एका दुपारी रसायन ढवळणाऱ्या यंत्राच्या घरघरीत एक बारीक किरकिर ऐकू आली.

"काका, पट्टा तुटणार," मी ऑपरेटर सावंतकाकांना म्हणालो. "मामाच्या गिरणीत तुटायच्या आधी असाच आवाज यायचा."

त्यांना काही ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनी दंड धरून मला मागं ओढलं. तेवढ्यात पट्टा तुटला आणि मी उभा होतो तिथल्या भिंतीवर फाडकन आदळला. गिलावा खाली आला.

काकांनी यंत्र बंद केलं आणि गिलावा पडलेल्या जागेकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "उद्यापासून हितंच उभा राहा. दुसरं काय करू नको, नुसता ऐकत राहा."

आपल्यालाही काहीतरी येतं, याचाच तेव्हा मला आनंद झाला. त्यांनी मला कुठं उभं केलं होतं, ते आज कळतं.