गाजरगवताचे वैरी

माणसाने वैर धरावे ते बांधावरून, भावकीशी. पण माझ्या ताईचे सासरे आबा यांच्यासारखे जीव ओतून गवताशी वैर धरणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. सत्तरच्या दशकात कधीतरी गाजरगवत रस्त्याकडेने पौडपर्यंत आले, पांढऱ्या फुलांनी बहरले, आणि आबांच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या लालभडक होऊन चिघळल्या. तेव्हापासून ऐन वैशाखातही आबा मफलर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे घालून हिंडत. लग्नाला गेले की आधी मांडवाभोवती चक्कर मारून पाहणी करत, आणि गवत दिसले तर अक्षता रस्त्यावरूनच टाकत. एकदा नवरदेवाच्या हारातच त्यांना ती बारीक फुले दिसली. हार उतरवल्याशिवाय त्यांनी मंगलाष्टके सुरू होऊ दिली नाहीत. हळूहळू त्यांना आमंत्रणे येईनाशी झाली.

मी त्यांना पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी समजावले, की शरीरातल्या पहारेकरी पेशी या गवताच्या धुळीला शत्रू समजून बसल्या आहेत. ती अंगाला लागली की त्या एकमेकींना रसायनांचे निरोप धाडतात, आणि निरोप पोचेल तिथली कातडी सुजते, खाजते. एकदा धरलेला राग या पेशी विसरत नाहीत. औषधाने निरोप मंदावतील, थांबणार नाहीत. तेव्हा गवत नाही अशा जागी राहा. परतताना एसटीत आबा एवढेच म्हणाले, "म्हंजी गवताचं निमित्त. माजंच अंग माज्यावर उठलंय."

वर ताम्हिणी घाटाच्या अंगाला एका नातलगाचे खोपट रिकामे होते. तिथवर गवत पोचले नव्हते. आबांची बायको केव्हाच गेलेली; ते एकटेच तिकडे राहायला गेले. कुणी भेटायला आले की त्याला अंगणाबाहेर थांबवून कपडे झटकायला लावत, हातपाय धुवायला लावत, आणि मगच ओसरीवर घेत, तेही चार हात लांब. काही आठवड्यांतच कातडी नितळ झाली. मी कौतुक केले, तर त्यांनी पौडला हल्ली कोण कोण भेटते ते विचारले. तिकडे गाडी एकच, तीही बेभरवशाची. आमचे सगळ्यांचेच जाणे विरळ होत गेले.

पुढच्या दिवाळीनंतर ते कुणाला न सांगता परत आले. मला दिसले ते पौडच्या हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर. मान सोललेली, पापण्या सुजून डोळे मिटत आलेले. तरी आवाजावरून माणूस ओळखून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत होते. मी रागावून विचारले, की परत येऊन काय मिळवले?

ते सावकाश मान खाजवत म्हणाले, "वर लई बरा व्हतो. पर बरा हाय, ह्ये सांगायला कुनी न्हवतं."

मग जरासे सरकून त्यांनी मला बाकड्यावर जागा करून दिली.