फुलाबाईंचं वारूळ

सानगडीला एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत भिंग, चाकू आणि कागदी पाकिटं होती. शोध होता सात्यांचा (पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळिंबी). वाळवी तिला जमिनीखाली पोसते. या अळिंबीच्या जाती ओळखून मला प्रबंध लिहायचा होता.

गावात ज्याला विचारावं तो हसून विषय बदलायचा. सात्यांची जागा इथे सख्ख्या सुनेलाही सांगत नाहीत. शेवटी फुलाबाई तयार झाल्या. साठीच्या, काटक, रानातून सात्या आणून बाजारात विकणाऱ्या. पण आधी अट घातली.

"जागा कोनाले सांगू नोको, लिवू बी नोको."

"काहून मावशी?"

"मांगच्या वारुळाचा फोटो एका मास्तरनं मोबाईलवर टाकला. लोकायनं कुदळीनं खनून काढलं. तवापासून तिथं काईच येत नाही."

मी शब्द दिला. उत्साहाच्या भरात माणूस काहीही देतो.

धानाच्या धुऱ्यांवरून (बांधांवरून) निघालो. कोणी मागावर येऊ नये म्हणून बाई मुद्दाम आडवाटेनं नेत होत्या. मी एकदा घसरून गुडघाभर चिखलात गेले, तर म्हणाल्या, "शहरातले पाय हायेत वं!"

सागाखालच्या वारुळावर पांढऱ्या टोप्या दिसल्या आणि मी चक्क ओरडले. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. अभ्यासापुरते फोटो काढू दिले. मग काडीनं माती सारत एक अळिंबी मुळासकट अलगद काढली. मूळ वीतभर लांब होतं.

"खाली उदईचं (वाळवीचं) घर आहे. ते फुटलं का खतम."

टोपीवरचं तपकिरी टोक पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना. मी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ती अळिंबी कागदी पाकिटात ठेवली. नवी जात तर नव्हे?

दुपारी त्यांच्या घरी सात्यांची भाजी आणि भात हाणला. संध्याकाळच्या गाडीनं परतले.

विद्यापीठाच्या विभागात माझ्या मार्गदर्शक सरांनी नमुना पाहिला, खूश झाले आणि नोंदीतल्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ठिकाण? नेमक्या जागेशिवाय नवी जात कोणी मानणार नाही. दुसऱ्याला पुन्हा शोधता आली पाहिजे."

त्यांचं बरोबरच होतं. आणि जागेचे अक्षांश-रेखांश माझ्या फोनमधल्या फोटोंत आपोआप नोंदले गेले होतेच. उत्तर अगदी ओठांवर आलं. "टिपलं नाही, सर," म्हणाले आणि जिन्यात येऊन सगळे फोटो पुसले. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

नमुना बाद झाला. ती नवी जात असलीच, तर सध्या तिची ओळख फक्त फुलाबाईंना आहे, आणि त्या तिला कांदा घालून शिजवतात.