आवाज कापायचा नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला सगळी इमारत चष्मेवाली म्हणते. मुलगी म्हणायचं ते माझ्या वयामुळे. तिची पंचेचाळिशी कधीच उलटली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासते, फ्रेम गरम करून वाकवते, आणि मोहरीएवढे स्क्रू अशा हाताने बसवते की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. पुढे काउंटरवर गोड बोलायचं काम दुसऱ्यांकडे. "मावशी, माझ्यापर्यंत गिऱ्हाइकाचं फक्त नाक पोचतं," असं ती सांगते, "तोंड पुढच्या पुढे परत जातं. फार बरं आहे."

तिचे वडील आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडखळला की पुढचा शब्द पुरवायचा. तो शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाता कामा नये. या माणसाने मला किती वेळा बुडता बुडता वर काढलं असेल त्याची गणती नाही. टाळ्या मी घेतल्या, प्रॉम्प्टरबुवा संहिता बगलेत मारून घरी गेले. घरीही ते तसंच हळू बोलत. त्यांची बायको, बिचारी लवकर गेली, ती म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर आधी जवळ जाऊन बसावं लागतं. आणि जवळ जाऊन बसलं की भांडण कुठलं व्हायला?"

बापलेकीचं दोघांचंच घर. लेकीने लग्न केलं नाही, का ते कुणी विचारलं नाही. तिला एकच नाद होता, हातात मावेल एवढ्या जुन्या व्हिडिओ गेमचा. त्यात हेल्मेट घातलेला एक बुटका खाणीत उतरत जातो, दारामागून दार, आणि अगदी तळाशी जाऊन दिवा पेटवला की खेळ संपतो. शाळेत असतानाच तिने तो संपवला होता. आता तिला तो जगात सगळ्यांपेक्षा कमी वेळात संपवायचा होता.

"एवढी घाई कसली आहे त्या बुटक्याला?" मी एकदा विचारलं.

"मावशी, तुम्ही तेच नाटक वर्षानुवर्षं का करत होतात? शेवट माहीत नव्हता म्हणून?"



या घाईलाच स्पीडरन म्हणतात. जगभरातली अशी वेडी माणसं आपापल्या खेळाचं चित्रण पाठवतात, तपासणारे ते डोळ्यांत तेल घालून तपासतात, आणि मग यादीत नाव लागतं. हिचं नाव बरीच वर्षं वरून दुसरं होतं. पहिलं व्हायचं, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्याकडे हट्टाने मागितली असावी.

गेमच्या पडद्यावरचं चित्र सरळ कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी यंत्रं असतात. पण हिच्या जुन्या गेमला ते लावायचं तर तो फोडून आत तारा जोडाव्या लागत, आणि ते यंत्र आता कुठे मिळतही नव्हतं. मग हिने टेबल-लॅम्पचा वाकडा दांडा घेतला, दिवा काढून टाकला, आणि जुन्या फ्रेमच्या तारेची पकड करून त्यात मोबाइल अडकवला, कॅमेरा खाली करून. खाली टेबलावर रबराचा तुकडा, त्यावर गेम. पडद्यावर खिडकीचा उजेड चमकू नये म्हणून भारी फ्रेम ज्यात गुंडाळून येतात त्या काळ्या मखमलीचा तंबू. त्या तंबूत दोन्ही हात घालून ती वाकून बसायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई टेबलाचं बाळंतपण करते आहे.

नियम कडक होते. चित्रण सलग हवं. हात दिसले पाहिजेत. आणि आवाज कापायचा नाही, कमी करायचा नाही, वरून दुसरा घालायचा नाही. बटणांची टकटक आणि बुटक्याच्या उड्या जुळतात की नाही यावरून लबाडी पकडतात. यंत्राने फक्त खेळ टिपला असता. मोबाइल खोलीत जे असेल ते सगळं गिळतो.

म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने टेबल मांडलं की घरात संचारबंदी. प्रॉम्प्टरबुवांना याचा कोण आनंद. "प्रयोग सुरू," असं हळूच म्हणून ते चपला काढून ठेवत, कारण चपलांनी फरशी वाजते. मी खाली गेले तर ओठांवर बोट ठेवून मला दारातूनच परत पाठवत. मलाही, जिच्या प्रयोगांत त्यांनी निम्मं आयुष्य घातलं. मी रागवायची नाही. उतारवयात त्यांना पुन्हा विंग मिळाली होती.

त्या दुपारी ती धडधडत वर आली ती अनवाणीच. "मावशी, बाबा पडलेत." स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला ते स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पडून होतात?"

"फार नाही," बुवा म्हणाले. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता, पण सांगताना त्यात कौतुक होतं. "हिचं चित्रण चालू होतं ना, म्हणून मी हाक जरा बेतानेच मारली. बिचारीला ऐकूच गेलं नाही. संपल्याबरोबर धावत आली."

बाई म्हणाल्या, तेवढ्या वेळाने काही बिघडलं नाही, हाड पडतानाच मोडलेलं. लेक भिंतीकडे बघत उभी होती. मला वाटलं घाबरली आहे.

वडील घरी आल्यावर एका संध्याकाळी ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. "आधी हे बघा."

काळ्या मखमलीत दोन हात, मधे इवलासा उजळ पडदा. बुटका धावत होता, दारं उघडत होती, बटणांची टकटक एखाद्या तबलजीच्या बोटांसारखी. मग लांबून, अगदी हळू, मी जन्मभर ओळखते तो आवाज. "ठमे." टकटक चालूच. थोड्या वेळाने पुन्हा, "ठमे, जरा ये गं. पडलोय."

डावा अंगठा बटणावरून उचलला गेला. हवेत राहिला. बुटका एका दाराशी उभा राहिला. आणि मग अंगठा पुन्हा खाली आला, बुटका धावला, दिवा पेटला. हात तंबूतून नाहीसे झाले, खुर्ची पडल्याचा आवाज, आणि दूर कुठेतरी, बाबा, बाबा.

"ऐकलं होतंस," मी म्हटलं.

"हो."

"पडलोय, हेसुद्धा?"

"हो." ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती. "मला वाटलं, एवढं शेवटचं दार. एवढंच. मग जाते."

मी मोबाइल पालथा ठेवला.

"आणि मावशी, मी हे पाठवलंसुद्धा. त्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा, बाहेर बाकावर बसून. हाताला काहीतरी चाळा हवा होता म्हणून पाठवलं, असं मी स्वतःला सांगते."

ही वेळ यादीत सगळ्यांत वर जात होती. पण तपासणाऱ्याचं उत्तर आलं होतं. तो कुठल्या तरी दूरच्या देशातला, त्याला आपली भाषा येत नव्हती. त्याने विचारलं होतं, मागे कुणीतरी हळू आवाजात तुम्हाला काही सांगतं आणि तुमचा अंगठा थांबतो; पुढे काय करायचं हे कुणी सुचवत होतं का? सुचवणं नियमात बसत नाही. तो माणूस काय म्हणतो ते शब्दशः कळवा.

मला हसू येत होतं. प्रॉम्प्टरबुवांवर प्रॉम्प्टिंगचा आळ. पण तिचं तोंड बघून मी ते आवरलं.

"टीव्ही चालू होता म्हणून कळव," मी म्हटलं. "एवढ्याशा खोट्याने आभाळ कोसळत नाही."

"लिहिलं होतं तसंच. पाठवता येईना. हाक मारली तेव्हा गेले नाही, आता ते घरात नव्हतेच असं लिहू?"

"मग मागे घे. गेला उडत तो बुटका."

"मागे घेतलं तर बाबा का म्हणून विचारतील. रोज विचारतात, निकाल लागला का. अख्ख्या वॉर्डला सांगून आलेत, माझं हाड गेलं पण मुलीचा प्रयोग पार पडला." तिने ओढणीची गाठ सोडली. "त्यांना वाटतं मला ऐकू गेलं नाही. तेवढं तसंच राहावं म्हणून मी हा गेम नाल्यातसुद्धा टाकला असता. पण ते हे चित्रण बघायचं म्हणून हटून बसलेत. तुम्ही येता? माझ्याच्याने एकटीने होणार नाही."

मी खाली गेले. बुवा पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकावर लेकीनेच बसवलेला चष्मा. "या बाईसाहेब, पहिल्या रांगेत बसा," म्हणाले. तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि स्वतः पायथ्याशी उभी राहिली.

त्यांनी सगळं बघितलं. मग म्हणाले, "परत लाव. शेवटचं." तिने लावलं. नट ठरवून थांबला की अडकून थांबला, हे ओळखण्यावर त्यांनी पोट भरलं होतं. त्यांच्यापासून काय लपणार.

"इथे थांबलीस तू."

"हो, बाबा."

"म्हणजे पोचलं होतं."

"हो."

ते पांघरुणावरून हात फिरवत राहिले. "मी आपला हॉस्पिटलात स्वतःलाच बोल लावत होतो. म्हटलं, आवाज कमी पडला. शेवटच्या वेळी चुकलो." त्यांनी चष्मा काढला. "तेवढ्या समजावर मी निभावून नेलं होतं गं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी. मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठवेना.

"तो परदेशातला काय विचारतोय?" त्यांनी शेवटी विचारलं.

तिने सांगितलं. ते ऐकून त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "माझ्यावर? कमाल आहे. मग लिही. आवाज माझ्या वडिलांचा आहे. त्यांनी कसलीही मदत केलेली नाही."

ती टाइप करू लागली. वाक्य संपलं तरी बोटं चालूच होती.

"काय लिहितेस आणखी?"

तिने वाचून दाखवलं. "ते पडले होते आणि मला बोलावत होते. मला ऐकू आलं होतं. मी खेळ संपवून गेले."

"एवढं कशाला सांगायचं परक्याला?"

"तुम्ही काय म्हणता ते विचारलंय त्याने, बाबा."

"मी काय म्हणतो ते विचारलंय. तू काय केलंस ते नाही."

"ते चित्रात दिसतंय," ती म्हणाली आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मान्यता आली. तिचं नाव यादीत सगळ्यांत वर लागलं, अजून तिथेच आहे. तपासणाऱ्याने खाली विचारलं होतं, वडील आता बरे आहेत का. त्याला तिने उत्तर दिलेलं नाही. ते चालतात, वॉकर घेऊन, दारापर्यंत. हे बरं म्हणायचं की नाही, ते तिला ठरवता येत नाही.

टेबल अजूनही मांडलं जातं, ते बुवांच्या हट्टाखातर. "माझ्यामुळे बंद पडलं असं नको," म्हणतात. पण आता मधलं दार सताड उघडं असतं आणि तिचं एकही चित्रण शेवटपर्यंत जात नाही. परवा मी तिथेच बसले होते. बुटका चांगला खोल उतरला होता. आतून खाकरल्यासारखा आवाज आला, आणि मला कळायच्या आत तंबू रिकामा.

"अगं, नुसता खोकलो," आतून बुवा म्हणाले. "मला आता घरात खोकायची चोरी झालीय."

"पाणी देऊ?"

"नको. तू जा, तुझं चालू होतं."

"संपलं ते," ती म्हणाली, आणि पाणी आणायला गेली.