बाबांचं भुयार आणि आरमोरीची वाट

माझ्या बाबांनी म्हातारपणी राक्षस पाळले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. लिहायचं लिहायचं म्हणत राहिले, आज लिहिते.

बाबा चंद्रपूरजवळच्या अंडरग्राउंड कोळसा खदानीत होते. गाव मूल तालुक्यातलं, घरी धानाची शेती, पण नोकरी सगळी जमिनीखाली.

रिटायर झाले आणि हळूहळू बोलणंच बंद झालं. राग नाही, भांडण नाही. फक्त गप्प.

चहा घेता का? हूं.
जेवता का? हूं.

आई गेल्यावर तर तेवढंही नाही.

मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि चंद्रपूरला घरी परत आले. एका रविवारी कॉलेजच्या दिवसांतला एक गेम लॅपटॉपवर लावला.

उलटाच गेम आहे तो. आपण शूर योद्धा नसतो, जमिनीखालच्या भुयाराचे मालक असतो. छोटी छोटी कामगार भुतं कुदळीनं खणत असतात. आपण खोल्या बांधायच्या, मग राक्षस राहायला येतात. आणि वरून योद्धे लुटायला येतात.

कामगार हळू वाटला की क्लिक करून त्याला थप्पड मारता येते. तो जोरात खणायला लागतो.

मी मारली.

मागून आवाज आला, "काऊन मारून राह्यली त्याले? काम करून तं राह्यला तो."

मी वळून पाहिलं. बाबा.

इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं होतं, आठवेना. मी उठले आणि खुर्ची त्यांना दिली.

माउस हातात बसायला वेळ लागला. पण मग बसला.

बाबांचा खेळ वेगळाच. आधी झोपायच्या खोल्या. मग जेवायच्या. लढाईची ट्रेनिंग सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. कोणी जखमी झालं की उचलून थेट बिछान्यावर.

त्यामुळे शत्रू आला की अर्धी फौज झोपलेली. हरायचे. पुन्हा सुरू करायचे.

युसूफचाचा, बाबांचे खदानीतले जोडीदार, मागच्याच मोहल्ल्यात राहतात. त्यांना बातमी लागली, तेही रोज येऊन बसायला लागले.

"गणपत, फौज कधी बनवशील? धरमशाला खोलली का तू इथी?"

"थकले हायेत ते."

"अरे, राक्षस हायेत ते."

"मंग?"

मी बाजूच्या खोलीत, मीटिंगमध्ये, माइक म्यूट करून हसायची.

चाचांच्या नादानं बाबा एकदाचे एक लेव्हल जिंकले. पण लढाईत पूल कोसळला आणि एक कामगार पलीकडे अडकला.

मी म्हटलं, "बाबा, जिंकलो आपण. पुढे चला."

"तो तिकडं हाये."

"पुढच्या लेव्हलला नवे मिळतात, बाबा."

"मिळंन. पण हा तिकडं हाये."

आणि लांबून वळसा घालून त्यांनी खणायला घेतलं. क्लिक, क्लिक, क्लिक.

स्क्रीनवरची नजर न काढता बाबा म्हणाले, "देवाजी असाच तिकडं राह्यला होता."

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"खदानीचं छत बसलं. आमी इकडं, तो तिकडं. ठोकायचा आवाज येत होता. आमी खणत होतो. मंग आवाज थांबला."

चाचा म्हणाले, "आपण नाई थांबलो, गणपत. वर या म्हणून बोलावत होते, तरी नाई थांबलो."

"नाई थांबलो."

कामगार सापडला. बाबांनी त्याला उचललं, बिछान्यावर ठेवलं. मग मला म्हणाले, "आरमोरीले नेशील का मले?"

चाचांनी सांगितलं, देवाजीकाकांची बायको, शांताकाकू, तिकडे मुलाजवळ राहतात. इतक्या वर्षांत बाबा आणि चाचा दोघेही त्यांच्याकडे गेले नव्हते. कोणतं तोंड घेऊन जायचं, म्हणून.

मी गाडी काढली. चाचा मागे बसले. मूल गाव मागे पडलं, मग गडचिरोली, कापणीला आलेला धान दोन्ही बाजूंनी.

काकू अंगणात होत्या. बघताच म्हणाल्या, "गणपतभाऊ ना?"

बाबा बसलेच नाहीत. उभ्याउभ्या म्हणाले, "बाई, आमी पोचलो नाई. उशीर झाला."

काकूंना आधी कळलंच नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं, सगळं.

"तुमी खणत होते?" काकू म्हणाल्या. "मले कोणी सांगतलंच नाई. मले वाटे, ते एकटेच पडले होते तिथी."

"नाई बाई. तो तिकडून ठोके, आमी इकडून ठोको."

"म्हणजे त्याइले ऐकू गेलं असंल."

"गेलं असंल. उत्तर देत होता तो."

काकू ओट्यावर बसल्या. पदर डोळ्यांना लावला. पदराआडूनच म्हणाल्या, "मंग एकटे नव्हते."

नंतर त्यांनी आम्हाला जेवू घातलं. वरण, भात, वांग्याची भाजी. बाबांनी दोनदा भात मागून घेतला.

परतताना बाबा बोलत होते. देवाजीकाका कसे सगळ्यांच्या डब्यातलं लोणचं पळवायचे, कसे हसायचे. चंद्रपूर आलं तरी संपलं नव्हतं.

त्यानंतर बाबा बोलतच राहिले. फुप्फुसं थकत गेली, दम लागायचा, तरी थांबून थांबून बोलायचे. गेले ते घरीच, सकाळी, चाचांचा हात हातात होता.

शांताकाकू पहिल्या बसनं आल्या. बाबांच्या पायाशी बसल्या. आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी हळूच विचारलं, बाई तुम्ही कोण?

काकू म्हणाल्या, "माह्या मालकासाठी खणत होते हे भाऊ."

बाबा, तुमच्या लेकीचा मनापासून नमस्कार.