लहानूचा अर्क आणि अर्धं-अर्धं वावर

आंजी गावच्या लहानूच्या अर्काचा वास त्याच्याआधी पानठेल्यावर पोचायचा. करंजाचा पाला, लसूण, तंबाखू, गोमूत्र असं सगळं माठात कुजवून तो कपाशीवर मारायचा आणि त्यानं बोंडं कशी टरारतात ते रंगवून सांगायचा. ठेल्यावरचे लोक ऐकण्याआधीच माना डोलवायचे, म्हणजे वासातून लवकर सुटका. पण त्यानं झालं काय, तर लहानू गावाचा 'अर्कवाले' झाला, आणि ही पदवी त्याला जिवापाड प्रिय.

पुतणी दीपमाला कृषी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिला प्रकल्प हवा होता आणि तिच्या मोठेबांना, म्हणजे लहानूला, शास्त्राचा शिक्का. मग गावातल्या काही जणांनी आपापलं अर्धं वावर अर्काचं ठेवलं, अर्धं बिनअर्काचं. कापूस वेचून मोजून झाला. ओसरीत लॅपटॉप उघडून दीपमाला म्हणाली, "मोठेबा, दोन्हींच्या सरासरीत फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाई."

"काऊन?"

"वावरावावराचं पीकच लई वेगळं. त्यात बारका फरक बुडून जाते."

लहानू उसळला. "बुडनारच! किसनरावाच्या काळ्या जमिनीतला बिनअर्काचा कापूस तू माह्या बरडातल्या अर्काच्या कापसासंग तोलून राह्यली. ज्याचं वावर, त्याचेच दोन अर्धे आमनेसामने उभे कर नं!"

दीपमाला घुटमळली. "तशी जोडीची चाचणी असते. खरं तर इथं तीच लागते. पण राहू द्या नं मोठेबा, हेच बरं आहे."

"काऊन राहू देऊ? लाव म्हनतो नं तुले!"

तिनं ती लावली. "आता फरक पक्का आहे."

लहानूनं लगेच कुंपणावरून हाक दिली, "ओ किसनराव, या लवकर! शास्त्रानं मानलं!"

किसनराव धोतर सावरत आले. "किती जास्त भरला, पोरी?"

"कमी भरला, काकाजी. जवळपास प्रत्येक वावरात अर्काचा अर्धा कमीच."

किसनरावांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. "पन चाचनी मात्र तू बरोब्बर निवडली, लहानू."

दुसऱ्या दिवशी ठेला गच्च भरला होता. लहानू आला, सुपारी तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाला, "अर्कात दम आहे बाप्पा. आता तं शास्त्रच म्हनून राह्यलं."

संध्याकाळी तो बांधावरच्या गवतावर अर्क मारताना दिसला. अर्ध्याच बांधावर. उरलेला अर्धा त्यानं मुद्दाम कोरा सोडला होता, गवत कुठं आधी करपतं ते जोखायला.