वरच्या तळीसाठी बॅग

तैवानच्या कीलुंग बंदरात क्रूझच्या बोटी लागतात तिथून चालत सात मिनिटांवर सू-छिनचं बॅगांचं दुकान आहे. दुकान कसलं, उभा केलेला बोळच तो. खाली बॅगा, वर माळा आणि मधे चौदा पायऱ्यांचा खडा लाकडी जिना. या जिन्यावर परीक्षा दिल्याशिवाय सू-छिन कुणाला बॅग विकत नाही. पसंत पडलेल्या बॅगेत ती तांदळाच्या पिशव्या भरते, ती गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि स्वतः स्टुलावर बसून कलिंगडाच्या बिया सोलत बघत राहते.

"अहो मावशी, बोटीवर लिफ्ट असते," गिऱ्हाईक म्हणतं.

"असते ना. आणि उतरायच्या दिवशी तिच्यासमोर दोन हजार माणसं असतात. चढा."

मोत्यासारख्या पांढऱ्या, टणक कवचाच्या बॅगेवर जीव जडलेली बायको आणि नवव्या पायरीवर बसकण मारलेला नवरा, अशी जोडपी तिनं पुष्कळ पाहिली आहेत. बॅग कशी घ्यावी याबद्दल तिची मतं पक्की आहेत आणि ती न विचारता ऐकायला मिळतात. दुकानात सगळ्याच बॅगा हलक्या लागतात, कारण त्या रिकाम्या असतात. चाक सगळे बघतात, पण बॅग मरते ती वर ओढायच्या दांड्याच्या मुळाशी. तिथे हलवून बघा. चार चाकांची बॅग धक्क्यावर गुणी असते, पण समुद्र जरा हलला की खोलीभर हिंडत बसते. बॅग पलंगाखाली सरकली पाहिजे, नाहीतर पाच दिवस तिला ओलांडत संडासला जाल. आणि शेवटच्या रात्री बोटवाले बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळी घालायची पँट आधी बाजूला काढा. हा शेवटचा सल्ला ती कॅप्टन खोंकडे बोट दाखवून देते. खो आयुष्यभर बंदरात टगबोट चालवून निवृत्त झाले. बायको गेल्यापासून वर्षाला चार क्रूझ करतात आणि उरलेले दिवस सू-छिनच्या दुकानात बसून चहा पितात. त्यांनी एकदा सगळं बॅगेत भरून दाराबाहेर ठेवलं होतं आणि सकाळी ते बोटीच्या आंघोळीच्या झग्यात मायदेशी उतरले होते.

"आणि ही बाई," खो गिऱ्हाइकांना सांगतात, "सव्वीस वर्षं अख्ख्या कीलुंगला बोटीवर चढवते आहे. स्वतः मात्र धक्क्याच्या पुढे गेलेली नाही."

"दुकान कोण बघणार, तुम्ही? तुम्ही तर माझ्या बिया पण संपवता."

विकलेल्या प्रत्येक बॅगेत ती एक लाल पाकीट टाकते आणि त्यात एक नाणं. रिकामी बॅग कुणाच्या हातात द्यायची नाही, ही तिच्या आईची शिस्त. आईच्या अनेक शिस्ती तिनं अशा सांभाळल्या होत्या. एकच गोष्ट तिच्याकडून सांभाळली गेली नव्हती, आणि ती रोज दुकानाच्या दाराशी पडलेली असायची.

ती गोष्ट म्हणजे आईच्या दगडी जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, फिरवायच्या लाकडी खुंट्यासकट. भिजवलेले तांदूळ दळायचं वीतभर रुंदीचं जातं होतं ते. बारा वर्षांपूर्वी आई गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि त्याच संध्याकाळी दोन्ही बहिणी जात्यावरून भांडल्या. थोरली बी-युन लग्न होऊन बोटीनं एका रात्रीवरच्या, जपानच्या इशिगाकी बेटावर गेलेली. तिच्या नवऱ्याचे आजोबा अननस पिकवायला तैवानहून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. थोरलीचं म्हणणं, तिकडे आपल्या माणसांना नव्या वर्षाला तांदळाची उकड मीच करून घालते, तेव्हा जातं माझं. धाकटीचं म्हणणं, आईचं शेवटपर्यंत मी केलं, तेव्हा माझं. शेवटी बी-युननं रागारागानं खालची तळी उचलून आपल्या पिशवीत घातली.

"वरची ठेव तुला. बघू एकटीनं काय दळतेस ते," असं म्हणून ती गेली.

दोघींपैकी कुणीच काही दळलं नाही. सू-छिनची तळी दाराला टेकू झाली, कारण बंदराचा वारा दार आपटतो. दरवर्षी नव्या वर्षाला फोन व्हायचा. तब्येत बरी का, बरी, पाऊस आहे का, आहे. दोन मिनिटं. बी-युन पूर्वी अधूनमधून कीलुंगला यायची, तीही भांडणानंतर यायची थांबली, आणि धाकटीनं जावं हे धाकटीच्या मानात बसत नव्हतं.

या वर्षीच्या फोनवर मात्र बी-युन म्हणाली, "गुडघे गेले गं. आता मी काही तिकडे येत नाही."

फोन ठेवल्यावर सू-छिननं दाराशी पडलेल्या तळीकडे पाहिलं. ताई येणार नाही, आपण जात नाही, म्हणजे आता एकमेकींना बघणं संपलंच की. तिनं सूनबाईला, च्या-रोंगला, मे महिन्यातल्या बोटीचं तिकीट काढायला सांगितलं. कीलुंगहून संध्याकाळी निघून सकाळी इशिगाकी, मधे सात तास मोकळे, मग परत.

"आई, तुम्ही? बोटीनं?" च्या-रोंगनं दोनदा विचारलं.

"मीच. आणि ती तळी पण येणारे. ताईला देऊन टाकणारे मी."

"आणि त्यांनी नाही घेतली तर?"

ताईचा स्वभाव सू-छिनला माहीत होता. तळी बघून ती दारातूनच "परत ने" म्हणाली, तर तो अपमान घेऊन परत बोटीवर चढायचं होतं, आणि तोही नऊ किलोंचा.

मग बॅग निवडायची वेळ आली आणि दुसऱ्याच्या चालण्यावरून तीन मिनिटांत त्याची बॅग ओळखणारी बाई स्वतःसाठी तीन आठवडे अडून बसली. एरवी तिचा सल्ला असे, अर्धं सामान काढून टाका. दगडातून अर्धं काय काढणार? बॅग जितकी हलकी तितकं बरं, कारण सगळं वजन दगडाचंच होतं; पण हलक्या बॅगा दगडाला टिकणाऱ्या नव्हत्या. पातळ कवचाच्या बॅगेचा कोपरा सहाव्या पायरीवर तडकला. ॲल्युमिनियमची टिकली असती, पण ती स्वतःच साडेपाच किलोंची, आणि सदुसष्टाव्या वर्षी सू-छिनला आपल्या मनगटांचा हिशेब माहीत होता. तिसरीची चेन उसवली. रोज दुपारी दुकान रिकामं झालं की ती तळी टॉवेलात गुंडाळायची, बॅगेत घालायची आणि जिना चढायची. खो खाली स्टुलावर बसून तिच्याच बिया सोलत तिच्याच आवाजात म्हणायचे, "चढा."

"तुम्हाला फार मजा येतेय, कॅप्टन."

"सव्वीस वर्षं वाट बघितली आहे मी या करमणुकीची."

सगळ्यात शेवटी तिनं माळ्यावरची मोहरीच्या रंगाची कापडी बॅग काढली. दोनच चाकं, पण मोठी आणि आत बसवलेली. रंग इतका वाईट की सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. वजन पावणेतीन किलो, दांडा मुळाशी घट्ट. तिनं तळी मधोमध, चाकांच्या बाजूला बसवली, भोवती स्वेटर खोचले आणि न थांबता चौदा पायऱ्या चढली. वर पोचल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून ती दम खात उभी राहिली, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"घेतली," ती वरून म्हणाली.

"लाल पाकीट टाका आत," खो म्हणाले. "उगाच नियम मोडू नका."

निघायच्या चार दिवस आधी तिनं ताईला फोन केला. येतेय एवढंच सांगितलं. मग सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "तुझ्या घराला पायऱ्या किती गं?"

"तीन. का?"

"सहज."

"बरं. ये," बी-युन म्हणाली आणि फोन ठेवला.

बोट हलली नाही, बॅग पलंगाखाली सरकली, आणि सू-छिनला रात्रभर छान झोप लागली, याचं तिलाच नवल वाटलं. जेवणघरात तिनं विकलेल्या बॅगांचे अकरा मालक भेटले. त्यांत नवव्या पायरीवर बसलेला एक नवराही होता. त्याच्या बायकोनं अखेर पांढरीच बॅग घेतली होती आणि ती तोच ओढत होता.

इशिगाकीच्या धक्क्यावर बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली आणि तरुण अधिकाऱ्यानं पट्टा थांबवला. पडद्यावर एक काळा गोल आणि त्याच्या मधोमध भोक. त्यानं बॅग उघडायला लावली. सू-छिनला त्याची भाषा येईना, तेव्हा तिनं हवेत हात गोल गोल फिरवला. तो जास्तच गोंधळला. शेजारचा पिकल्या केसांचा अधिकारी वाकून बघून हसला, त्यानंही हवेत तसाच हात फिरवला आणि तिला जायला सांगितलं. इथपर्यंत सगळं सोपं होतं. टॅक्सीत बसल्यावर मात्र ती ताईला म्हणायचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोकू लागली.

बी-युनचं घर उसाच्या शेताला लागून होतं. ती काठी टेकून दारात उभी होती. केस सगळे पांढरे झालेले, आणि हनुवटी थेट आईची. सू-छिननं तीन पायऱ्या बॅग उचलून आणली. कुणी मदत केली नाही, तिला हवीही नव्हती.

"केवढा घाणेरडा रंग," बी-युन म्हणाली.

"टिकाऊ आहे."

"वर्षानुवर्षं पडून असणार दुकानात."

"ताई, आत घेणारेस का मला?"

आत गेल्यावर सू-छिननं बॅग आडवी केली, चेन उघडली, स्वेटर काढले आणि टॉवेल सोडला. बारा वर्षांत पाठ केलेलं वाक्य तिला एकदम आठवेना. "तुझी आहे," एवढंच ती म्हणाली. "मी तेव्हाच द्यायला हवी होती."

बी-युन तळीकडे बघत राहिली. "कडेला टवका कसा गेला?"

"दाराला लावायचे मी."

"आईच्या जात्याला दार टेकवलंस?"

"मग तू काय केलंस तुझीचं?"

बी-युन काठी टेकत मागच्या पडवीत गेली आणि सू-छिन तिच्यामागून. तिथे खारवलेल्या मुळ्याचं लाकडी पिंप होतं. झाकणावर दाब म्हणून सिमेंटचा एक कोराकरकरीत ठोकळा ठेवलेला होता. खालची तळी शेजारच्या बाकावर होती, ब्रशनं घासून धुतलेली, पण मिठाचे पांढरे डाग काही गेले नव्हते.

"बारा वर्षं मुळे दाबलेत तिनं," बी-युन म्हणाली. "काल उतरवली."

बाकाखाली एक पातेलं होतं. सू-छिननं झाकण उचललं. आत तांदूळ भिजत घातलेले होते, टपोरे फुगलेले.

"तुला कसं कळलं मी काय आणतेय ते?"

"पायऱ्या किती विचारलंस ना. कपडे-चपला घेऊन येणारं माणूस पायऱ्या विचारत नाही."

सू-छिनला हसू आलं, मग रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. बारा वर्षं तिला ताईची रोज आठवण यायची, हे तिनं तिथे पडवीत उभं राहून तसंच सांगून टाकलं. बी-युननं मान फिरवून पिंपाकडे बघितलं आणि म्हणाली, "मला पण. आता तळी आण. तांदूळ आंबतील."

लहानपणी थोरली जातं ओढायची आणि धाकटी पळीनं तांदूळ घालायची. आता थोरलीला ओढणं जमत नव्हतं, म्हणून ती खुर्चीवर बसून पळीपळीनं तांदूळ-पाणी घालू लागली आणि सू-छिन ओढू लागली. पहिले दोन फेरे कुरकुर झाली, मग दगडाला दगड ओळखीचा झाला आणि कडेनं दुधासारखं पीठ ओघळू लागलं.

"जोर लाव. बॅगा उचलून हात झिजले वाटतं."

"तू घाल नीट. सांडतेयस."

दळलेलं पीठ वाट्यांमध्ये ओतून वाफवलं आणि वर पिंपातला खारवलेला मुळा परतून घातला. दोघींनी मिळून सात वाट्या संपवल्या. आईची उकड याहून मऊ असायची, यावर दोघींचं एकमत झालं, आणि त्यात दोष कुणाचा, यावर झालं नाही.

तीन वाजता टॅक्सी दारात आली. मोहरी रंगाची बॅग रिकामी होऊन पडली होती. सू-छिन तिची चेन लावायला वाकली, तेवढ्यात बी-युन म्हणाली, "थांब. रिकामी बॅग परत नेतात का? आईनं काय शिकवलंय?"

तिनं आधी मुळ्याची बरणी आत ठेवली. मग ती जात्याजवळ गेली, वरच्या तळीचा लाकडी खुंटा दोन्ही हातांनी उपटला, पुसला आणि बरणीशेजारी ठेवून स्वतःच चेन ओढली.

"अगं, खुंटा मला दिलास तर तू दळणार कशी?"

"नाहीच दळणार," बी-युन म्हणाली. "पुढच्या वर्षी घेऊन ये."

बोटीच्या जिन्यापाशी सू-छिननं बॅग एका हातानं उचलली. बॅग पावणेतीन, बरणी एक, खुंटा पाव किलो, तिच्या मनगटानं सवयीनं सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं पाहिलेलं हे सगळ्यात नीट भरलेलं सामान होतं, आणि वर चढताना तिला मधे थांबावं लागलं नाही.

आता कीलुंगच्या दुकानाचं दार तांदळाच्या पिशवीनं अडवलेलं असतं. खुंटा जिन्याच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. चौदा पायऱ्या चढून दमलेलं गिऱ्हाईक दम खाता खाता कधी विचारतं, मावशी, ही कसली मूठ, केवढ्याला देणार?

"ती विकायची नाही," सू-छिन खालून सांगते. "तिला मे महिन्यात बोटीनं जायचंय."