कापडाचं विमान

आमच्या घरात एकच खोली होती आणि त्या खोलीत बहुतेक वेळ दुसऱ्या कोणाची तरी गोधडी पसरलेली असायची. वडील सरकी काढायच्या गिरणीत रखवालदार होते. मी आठवीत असताना ते गेले आणि गिरणीने दिलेली खोलीही गेली. आईने बाजारपेठेच्या मागे पत्र्याची खोली धरली आणि लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. गोधडी मोठी, खोली लहान. मी कडेला भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचो, पाय पसरायचे तर आधी विचारावं लागे. जेवायच्या वेळी एक कोपरा दुमडून दोन ताटांपुरती जमीन मोकळी करायची. मजुरी बहुतेक घरं ज्वारीत द्यायची. कधी ती किडकी निघे, तीही आम्ही खाल्ली.

आईकडे चार सुया होत्या. सकाळी मोजून काढायच्या, दिवेलागणीच्या आत मोजून ठेवायच्या. एक जरी कमी भरली तर चूल पेटत नसे. ही गोधडी उद्या कोणाच्या तरी अंगाखाली जाणार, एवढंच ती सांगायची.

त्या खोलीतून मी बी.एस्सी. झालो. भौतिकशास्त्र, पहिला वर्ग. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे मी लाजत सांगत नाही. केंद्र सरकारची परीक्षा दिली, दिल्लीला कारकुनी मिळाली, पुढे आर. के. पुरममध्ये क्वार्टर मिळालं आणि आईला घेऊन आलो. दोन खोल्या होत्या. आई एका खोलीत बसायची आणि दुसऱ्या खोलीचं करायचं काय, असं विचारायची.

ऑफिसला मी सायकलने जायचो. वाटेत एका छोट्या विमानतळाची भिंत लागे. तिथे फ्लाइंग क्लब होता. एका रविवारी हँगरचं दार उघडं दिसलं आणि आत एक विमान उभं होतं, पण त्याला अंगच नव्हतं. नुसता सांगाडा. लाकडी बरगड्या, तारा, मधे दोन खुर्च्या. वेताची टोपली अर्धी विणून ठेवावी तसं. मी सायकल भिंतीला लावली आणि आत गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

आत पगडी बांधलेले एक म्हातारे इंजिनिअर चष्मा कपाळावर चढवून एक बरगडी घासत होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी विचारलं, याचा पत्रा कुठे गेला? ते हसले. म्हणाले, याला पत्रा कधी नव्हताच. हे कापडाचं विमान आहे.

मला खरंच वाटेना. पंखावरच्या हवेचं गणित मी परीक्षेत पूर्ण मार्कांनी सोडवलं होतं, पण पंख जवळून पाहिला नव्हता. मी तसं सांगून टाकलं. तेव्हापासून उस्ताद मला 'ग्रॅज्युएट साहब' म्हणू लागले आणि मी दर रविवारी जाऊ लागलो.

पहिले काही महिने मी फक्त उंदरांची घाण साफ केली. विमान कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून होतं. जुन्या कापडाच्या आत, पंखाच्या टोकाशी, उंदरांनी घरटं केलं होतं. आधी पक्ष्यांनी आत दाणे नेले, दाण्यांमागून उंदीर आले, उंदरांच्या मुतामुळे लाकूड कुजलं. उस्तादांनी ती बरगडी माझ्यासमोर बोटाने मोडून दाखवली, बिस्किटासारखी. म्हणाले, विमान आकाशात मरत नाही, ते असं कोपऱ्यात मरतं. त्यांनी नव्या बरगड्या घडवल्या, तारा बदलल्या, इंजिन उघडून पुन्हा बांधलं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती. जाताना एक जरी आकृती रिकामी दिसली तर कोणी घरी जायचं नाही. हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही.

क्लबच्या कमिटीला मात्र या विमानाचा कंटाळा आला होता. त्यांनी ठरवलं की होळीपर्यंत सरकारी इन्स्पेक्टरने हे उडण्याजोगं म्हणून पास केलं तर ठीक. नाहीतर गेटसमोर सिमेंटचा खांब उभारायचा आणि शोभेसाठी त्यावर हे बसवायचं. खांबासाठी खड्डाही खणून झाला होता. उस्ताद रोज त्या खड्ड्याला वळसा घालून आत येत आणि त्याविषयी अवाक्षर काढत नसत.

सांगाडा तयार झाला आणि काम कापडावर येऊन अडलं. कापड शिवणारा क्लबचा जुना माणूस वारला होता. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी म्हटलं, मी शिवतो. एका जुन्या लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यांनी मला टाके घालायला दिले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून माझं काम पाहिलं.

"यार ग्रॅज्युएट साहब," ते म्हणाले, "ये तो आलू की बोरी है."

ती चौकट मी सरावासाठी घरी आणली. दोन दिवस आईने लांबूनच पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि विचारलं, किती अंतरावर घालायचे? मी अंतर सांगितलं. तिने बोटांनी मापून पहिली ओळ घातली. पट्टी लावून पाहिली तर सगळे टाके सारखे.

"कशाचं आहे रे हे?"

"विमानाचं."

"चल, काहीतरीच," ती म्हणाली आणि दुसरी ओळ घालू लागली.

त्या रविवारी मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून हँगरला नेलं. उस्तादांनी चौकट दाराच्या उजेडात धरली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःचं स्टूल पुसून तिला दिलं. "बैठिए, बहनजी." मला त्यांनी चहा आणायला पाठवलं.

आईला टाके घालण्याआधी सगळं समजून घ्यायचं होतं. पंख पोकळ का? खालचं कापड आणि वरचं कापड बरगडीतून एकमेकांना का बांधायचं? वारा तर खालून उचलणार, मग वरचं कापड नुसतं चिकटवलं तर चालणार नाही का? हा माझा विषय होता. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो इथपासून मी सुरू केलं. तिने अर्ध्यातच थांबवलं.

"म्हणजे वादळात आपला पत्रा उडाला होता तसं. तो काही खालून कोणी ढकलला नव्हता. वरच्या वर ओढून नेला."

उस्तादांना मी त्याचं हिंदी करून सांगितलं. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, डिग्री कोणाची आहे ते एकदा तपासून घ्या.

मग सगळ्या हिवाळ्याचे रविवार तसे गेले. उशीला अभ्रा घालावा तसं शिवलेलं कापड आम्ही पंखावर चढवलं, पाणी मारून ताणलं, त्यावर डोपचा पहिला हात दिला. डोप म्हणजे कापड घट्ट करणारा पातळ रंग. त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो आणि डोकं गरगरतं. मग टाके. पंख त्याच्या कडेवर उभा करायचा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. ती लांब सुई आरपार पाठवायची, मी दोरा बरगडीला वळसा घालून परत पाठवायचा. मधे पंख, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. कापडातून नुसतं सुईचं टोक यायचं आणि तिचा आवाज यायचा. "ओढ. जास्त नको. हं." असे शेकडो टाके. मेणाचा दोरा माझ्या बोटांत रुतायचा. तिच्या बोटांना काही होत नसे.

होळीच्या आदल्या आठवड्यात इन्स्पेक्टर आले. सडपातळ, दक्षिणेकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी इंजिन पाहिलं, तारा ओढून पाहिल्या, कापडावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. डाव्या पंखापर्यंत सगळं ठीक होतं. उजव्या पंखाचं टोक त्यांनी वर उचललं आणि खाली सोडलं. आत बारीकसं काहीतरी घरंगळलं. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा तोच आवाज.

उस्तादांचा चेहरा पडला. बंद पंखात मोकळी वस्तू म्हणजे काय, हे मलाही आता माहीत होतं. ती तारेच्या कप्पीत अडकली तर वैमानिकाचं नियंत्रण जाऊ शकतं.

"किसने बंद किया?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मैंने," मी म्हणालो.

ते खोटं होतं. हा पंख सगळ्यांत शेवटी बंद झाला होता आणि त्याच्या टोकाचे टाके आईने एकटीने घातले होते. त्या टायवाल्या साहेबांसमोर, माझी आई चौथीही शिकलेली नाही आणि हा पंख तिने शिवला आहे, हे मला सांगवलं नाही. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पंखाकडे वळवली. इन्स्पेक्टर म्हणाले, उद्या पुन्हा येतो. आत काय आहे आणि किती आहे ते मला नक्की कळलं पाहिजे. नाहीतर अख्ख्या पंखाचं कापड उतरवावं लागेल. तसं झालं असतं तर होळी सोडा, पावसाळ्यापर्यंतही काम उरकलं नसतं.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"दाणे घातलेत मी," ती सहज म्हणाली. "ज्वारीचे."

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी बायका आत चिमूटभर धान्य घालतात. गोधडी उपाशी राहू नये, ती ज्याची त्याला भूक लागू नये, म्हणून. मी तर जन्मभर ते पाहिलं होतं. पण पंखाच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढ्या मोठ्या शिवणाला तिने ते केलं नसतं तरच नवल. मी तिच्यावर ओरडलो. उंदीर, कुजलेली बरगडी, कप्पी, सगळं एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हे आधी सांगायचंस," ती म्हणाली. "उंदरांचं मला कोणी बोललं नाही."

ते खरं होतं. ती साफसफाई तिच्या येण्याआधीची, आणि टाके सोडून बाकी काही तिला सांगावं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मी येते. उघडते आणि परत शिवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला घेऊन गेलो. इन्स्पेक्टर आधीच येऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हिंदीत सांगितलं की काल मी खोटं बोललो. हा पंख माझ्या आईने शिवला आहे, आत ज्वारी आहे, ती का आहे तेही सांगितलं. एवढं बोलताना माझे कान तापले होते. त्यांनी आईकडे पाहून फक्त विचारलं, "कितने दाने?"

"ग्यारा," आई म्हणाली.

"पक्का?"

आईने माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "त्यांना सांग, न मोजता मी काहीच आत घालत नाही."

मी सांगितलं. इन्स्पेक्टरांनी मान हलवली आणि पंख उघडायला परवानगी दिली. आईने टोकाचे टाके उसवले. उस्तादांनी पंख तिरका धरला, मी खाली पांढरा कागद धरला. दाणे एकेक करून आले. इन्स्पेक्टर स्वतः मोजत होते. दहा आले आणि थांबले. पंख हलवला, टिचक्या मारल्या, काही नाही. उस्ताद पुटपुटले की एखादा दाणा कमी मोजला असेल. आई म्हणाली, नाही. मी टॉर्च घेऊन पोटावर झोपलो आणि पंखाच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं एकेक पाहत गेलो. तिसऱ्या भोकात दाणा रुतून बसला होता. सुईच्या टोकाने तो बाहेर काढला आणि कागदावर ठेवला.

"ग्यारह," इन्स्पेक्टर म्हणाले.

आईने तिथेच टोक परत शिवलं. इन्स्पेक्टर शेजारी उभे राहून शेवटच्या गाठीपर्यंत पाहत होते. मग त्यांनी उस्तादांना सांगितलं की डोपचा नवा हात वाळला की कळवा, आणि रजिस्टरमध्ये कापड कोणी शिवलं ते खरं लिहा.

उस्तादांनी लिहिलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही, काम करणाऱ्यांच्या रकान्यात आईचं नाव आणि त्याखाली माझं.

होळीच्या दोन दिवस आधी सकाळी क्लबच्या वैमानिकाने ते विमान चाचणीसाठी धावपट्टीवर नेलं. एकोणीस मिनिटं ते हवेत होतं आणि नीट खाली उतरलं. होळीच्या आदल्या दिवशी त्याला उडण्याचा परवाना मिळाला, आणि पुढची सात वर्षं मुलं त्याच्यावर विमान चालवायला शिकली.